विश्लेषण : एकही 'व्हेरिएबल' न बदलता प्रोग्रॅम लिहिता येतो? फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधून संगणकभाषा कशा समजतात?

बारावीचा निकाल लागला की धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंबच्या झेरॉक्स सेंटरवर अर्जांच्या प्रती काढणाऱ्यांची गर्दी होते आणि त्या गर्दीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. कॉम्प्युटरला जायचे तर आधी कोणती लँग्वेज शिकायची? उत्तर दर काही वर्षांनी बदलते. कधी ते 'सी' होते, मग 'जावा' झाले, आता बहुतेक जण 'पायथन' सांगतात. जिल्ह्यात तेरणा आणि तुळजाभवानी ही दोन अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, शिवाय बीसीए-बीसीएसचे वर्ग आहेत. शिकून बाहेर पडणाऱ्यांची पुढची गाडी बहुधा पुण्याची असते. पण ज्या भाषेवर तीन-चार वर्षे घालवली ती मुलाखतीच्या वेळी मागे पडलेली असेल तर? एका भाषेचे व्याकरण पाठ करण्याऐवजी सगळ्याच संगणकभाषा ज्या मोजक्या कल्पनांवर उभ्या आहेत त्या कल्पना शिकाव्यात, आणि त्यासाठी फंक्शनल प्रोग्रॅमिंग हे साधन वापरावे, असा एक जुना आणि भक्कम विचारप्रवाह आहे. तो काय सांगतो?

फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणजे काय?

आठवीच्या बीजगणितात विद्यार्थी शिकतो की 'क्ष = ५' लिहिले म्हणजे त्या उदाहरणात क्ष शेवटपर्यंत ५ च राहणार. तोच विद्यार्थी पुढे 'सी'च्या पहिल्या तासाला बसतो आणि फळ्यावर 'क्ष = क्ष + १' असे लिहिलेले पाहतो. गणितात हे धडधडीत खोटे आहे. इथे मात्र त्याचा अर्थ 'क्ष नावाच्या डब्यातली जुनी संख्या काढ, तीत एक मिळव आणि परत त्याच डब्यात टाक' असा असतो. बराच काळ बहुतेक प्रोग्रॅमिंग असेच चालत आले. संगणकाची स्मृती म्हणजे डब्यांची रांग आणि प्रोग्रॅम म्हणजे डब्यांतला ऐवज बदलण्याच्या हुकमांची यादी.

फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये डबे नाहीत, हुकूमही नाहीत. तिथे फक्त फंक्शन असतात. गणितात ज्याला 'फल' किंवा 'फलन' म्हणतात तेच. आत काही दिले की ठरलेले उत्तर बाहेर येते. तेच दिले तर तेच येते, सकाळी द्या की रात्री, पहिल्यांदा द्या की हजाराव्यांदा. उत्तर देताना फंक्शन बाहेरच्या कशालाही हात लावत नाही. मोठा प्रोग्रॅम म्हणजे अशी छोटी फंक्शने एकात एक गुंफून केलेले मोठे फंक्शन.

या कल्पनेचे मूळ संगणकाच्याही आधीचे आहे. अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात 'लॅम्डा कॅल्क्युलस' ही पद्धत मांडली. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये सुरू केलेली 'लिस्प' ही भाषा त्या विचाराशी नाते सांगते. गंमत म्हणजे या पंथाचे सर्वात गाजलेले भाषण डब्यांच्या पंथातील माणसाने केले. 'फोरट्रान' ही पहिली मोठी व्यावहारिक भाषा घडवणारे जॉन बॅकस यांना १९७७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि तो स्वीकारताना त्यांनी स्वतः रूढ केलेल्या शैलीवरच टीका करून फंक्शनांच्या शैलीची बाजू मांडली.

पीकविम्याच्या उदाहरणातून हे कसे कळते?

पंतप्रधान पीकविमा योजनेतील नुकसानभरपाईचे सूत्र धाराशिवच्या शेतकऱ्याला कोणत्याही प्राध्यापकापेक्षा जास्त ठाऊक असते, कारण त्याचे पैसे त्यात अडकलेले असतात. महसूल मंडळात पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यातून सरासरी प्रत्यक्ष उत्पादन निघते. ते उंबरठा उत्पादनापेक्षा कमी असेल तर जितकी तूट, तितक्या प्रमाणात विमा संरक्षित रकमेतून भरपाई. उंबरठा उत्पादन कसे काढायचे? मागील सात वर्षांपैकी सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने, उदाहरणार्थ ७० टक्क्यांनी, गुणायचे.

समजा एका मंडळात सोयाबीनचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पादन किलोमध्ये १४००, ९००, १३००, ६००, १५००, १२०० आणि ११०० आहे. (आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) सर्वोत्तम पाचांची बेरीज ६५००, सरासरी १३००, तिचे ७० टक्के म्हणजे ९१०. यंदा प्रत्यक्ष उत्पादन ६३७ किलो आले. तूट २७३ किलो, म्हणजे उंबरठ्याच्या ३० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार असेल तर भरपाई १५ हजार रुपये.

फंक्शनल पद्धतीने हे लिहायचे तर चार ओळी पुरतात.

सर्वोत्तमपाच(यादी) = उतरत्या क्रमाने लावलेल्या यादीतील पहिले पाच
सरासरी(यादी) = बेरीज(यादी) ÷ संख्या(यादी)
उंबरठा(यादी, स्तर) = सरासरी(सर्वोत्तमपाच(यादी)) × स्तर
भरपाई(उ, प्र, रक्कम) = प्र हे उ पेक्षा कमी असेल तर (उ − प्र) ÷ उ × रक्कम, नाहीतर ०

यात कुठेही कुठला डबा बदललेला नाही. प्रत्येक ओळ ही एक व्याख्या आहे आणि ती स्वतंत्रपणे तपासता येते. 'सरासरी' बरोबर आहे का हे पाहण्यासाठी पीकविमा कळावा लागत नाही. शेवटच्या ओळीतील 'नाहीतर ०' विसरले तर चांगल्या वर्षी भरपाई उणे येईल, म्हणजे शेतकऱ्यानेच पैसे द्यायचे! ही चूकही वाचताक्षणी दिसते.

आता हेच काम डब्यांच्या पद्धतीने करणारा नवशिका विद्यार्थी काय करतो ते पाहू. तो 'बेरीज' नावाचा डबा घेतो, त्यात शून्य टाकतो आणि एकेका वर्षाचा आकडा मिळवत जातो. पहिल्या मंडळाचे उत्तर बरोबर येते. दुसऱ्या मंडळाकडे वळताना डबा पुन्हा शून्यावर आणायचे राहून जाते. आधीच्या ६५०० वरच नवी बेरीज चढते आणि दुसऱ्या मंडळाचे उंबरठा उत्पादन अव्वाच्या सव्वा निघते. मंडळांचा क्रम बदलला की उत्तरे बदलतात. एकेक मंडळ वेगळे चालवून पाहिले तर मात्र सगळे ठीक दिसते, त्यामुळे चूक सापडतही नाही. प्रोग्रॅमिंगमधील बेजार करणाऱ्या चुकांपैकी कितीतरी याच जातीच्या असतात. उत्तर कशावर अवलंबून आहे हे ओळीत लिहिलेले नसते, ते कुठल्यातरी डब्यात आधीपासून पडून असते.

ज्या हिशेबावर एखाद्याचे वर्ष अवलंबून आहे तो हिशेब कॅल्क्युलेटर घेऊन बांधावर बसून तपासता आला पाहिजे, ही अपेक्षा गैर नाही. फंक्शनल शैली नेमकी तिथे उपयोगी पडते.

काहीच बदलायचे नाही, तर जगातले बदल नोंदवायचे कसे?

हा आक्षेप पहिल्याच तासाला येतो आणि तो रास्त आहे. जमीन विकली जाते, वारस लागतात, बोजा चढतो आणि उतरतो. मग?

उत्तर तलाठ्याच्या दप्तरात आहे. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वारस लागला, वाटणी झाली की फेरफाराची नवी नोंद होते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात आणि मग सातबाऱ्यावर अंमल येतो. जुन्या मालकाचे नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहितात. महसूल खात्याच्या इंग्रजीत फेरफाराला 'म्युटेशन' म्हणतात. फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्येही 'म्युटेशन' हा शब्द आहे, पण तो डब्यातला जुना ऐवज पुसून नवा टाकण्यासाठी, आणि तिथे ते जवळपास निषिद्ध आहे. महसूल खात्याचे म्युटेशन मात्र काहीही पुसत नाही. शब्द एकच, अर्थ उलटे!

पहिल्या नोंदीपासून सुरुवात करून एकेक फेरफार क्रमाने लावत गेले की आजचा सातबारा तयार होतो. यादीतील एकेक घटक घेऊन आधीच्या उत्तरावर तो लावत जाणे, याला फंक्शनल भाषांत 'फोल्ड' म्हणतात. आजचा सातबारा हा त्या अर्थाने सगळ्या फेरफारांचा फोल्ड आहे. १९९५ साली गटाचा मालक कोण होता हे कोर्टात विचारले गेले, तर त्या सालापर्यंतचेच फेरफार लावून थांबायचे. मालकाचे नाव एकाच डब्यात ठेवून दर वेळी पुसले असते तर हा प्रश्नच विचारता आला नसता. बँकेचे पासबुक याच तत्त्वावर चालते. प्रोग्रॅमर मंडळी रोज वापरतात ती 'गिट' ही प्रणालीही जुनी नोंद पुसत नाही, नवी जोडते.

मग दर वेळी सगळे नव्याने लिहायचे? संगणक दमणार नाही?

इथे संत गोरोबाकाकांच्या तेरची आठवण काढायला हरकत नाही. उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. उतरंडीची व्याख्या अशी करता येते : उतरंड एकतर रिकामी असते किंवा वर एक मडके आणि त्याखाली उरलेली उतरंड असते. व्याख्येत उतरंड हाच शब्द पुन्हा आला तरी ती गोल फिरत नाही, कारण खालची उतरंड एका मडक्याने लहान आहे. फंक्शनल भाषांतील 'लिस्ट' अगदी अशीच असते. मडकी मोजायची तर रिकाम्या उतरंडीत शून्य, नाहीतर एक अधिक खालच्या उतरंडीतील मडकी. झाले. याला 'रिकर्जन' म्हणतात. अकरावीत गणिती विगमन शिकलेल्या विद्यार्थ्याने लक्षात घ्यावे की ही तीच युक्ती आहे. गणिताच्या तासाला ती सिद्धतेसाठी वापरली, इथे प्रोग्रॅमसाठी.

वर नवे मडके ठेवले तर नवी उतरंड झाली, पण खालची मडकी हललेली नाहीत. जुनी उतरंड नव्या उतरंडीच्या पोटात जशीच्या तशी आहे. संगणकातही नवी यादी करताना जुनी पूर्ण यादी उतरवून घ्यावी लागत नाही, दोघी मिळून खालचा भाग वापरतात. जुना भाग कुणी बदलणारच नाही याची खात्री असल्यामुळेच हे शक्य होते. अशा रचनांवर ख्रिस ओकासाकी यांचे १९९८ चे पुस्तक आजही संदर्भासाठी वापरले जाते. सगळीच कामे इतकी स्वस्त पडत नाहीत हेही खरे. यादीच्या मधोमध काही घुसवायचे तर वरची मडकी नव्याने रचावीच लागतात.

रिकर्जन हाती आले की पुढची पायरी म्हणजे फंक्शनलाच दुसऱ्या फंक्शनच्या हाती देणे. भूम-वाशीकडच्या एखाद्या दूध संकलन केंद्रावर सकाळी जे चालते ते पाहा. नासलेले दूध बाजूला काढायचे, उरलेल्या प्रत्येक मापाला फॅट आणि एसएनएफ पाहून दर लावायचा, शेवटी बेरीज करायची. गाळणे, प्रत्येकाला तेच लावणे, एकत्र करणे. फंक्शनल भाषांत यांना 'फिल्टर', 'मॅप' आणि 'फोल्ड' म्हणतात. गाळायचे कोणत्या निकषाने आणि लावायचे काय, ते बाहेरून फंक्शन म्हणून द्यायचे. हजारो संगणकांवर एकाच वेळी काम वाटण्यासाठी गुगलने वापरलेल्या आणि २००४ च्या शोधनिबंधात मांडलेल्या 'मॅपरिड्यूस' पद्धतीच्या नावातच ही दोन कामे आहेत.

यातून 'भाषेच्या कल्पना' कशा शिकल्या जातात?

आतापर्यंतचे फंक्शनल शैलीचे गुणगान झाले. विषयाचे मर्म याच्या पुढे आहे.

प्रोग्रॅममध्ये एखादे नाव आले की ते कोणाचे, हा कोणत्याही भाषेसमोरचा मूलभूत प्रश्न असतो. माहेरी बसून एका मुलीने पत्र लिहिले : 'अण्णांना विचारून कळवते.' पत्र सासरी वाचले गेले. सासरीही एक अण्णा आहेत. पत्रातले अण्णा कोणते? पत्र जिथे लिहिले गेले तिथले, की जिथे वाचले जात आहे तिथले? आपण सहज म्हणतो, लिहिले तिथले. संगणकभाषांना मात्र हे ठरवावे लागते. लिहिलेल्या जागेचे अण्णा घेणे म्हणजे 'लेक्सिकल स्कोप', वाचणाऱ्या घरातले घेणे म्हणजे 'डायनॅमिक स्कोप'. जुन्या लिस्पमध्ये दुसरा प्रकार होता आणि त्यातून विचित्र चुका होत. १९७५ मध्ये सस्मन आणि स्टील यांनी केलेल्या 'स्कीम' या लिस्पच्या लेकीने पहिला प्रकार स्वीकारला. फंक्शन पत्रासारखे दुसरीकडे पाठवायचे तर त्याच्याबरोबर 'आमचे अण्णा म्हणजे अमुक' ही चिठ्ठीही जोडावी लागते. फंक्शन आणि ती चिठ्ठी मिळून जे होते त्याला 'क्लोजर' म्हणतात. आज जावास्क्रिप्टच्या मुलाखतीत हमखास विचारला जाणारा आणि हमखास चुकणारा प्रश्न हाच असतो.

हे नुसते ऐकून समजत नाही. म्हणून या परंपरेतील शिक्षक एक धाडसी काम देतात. विद्यार्थ्याने स्वतःच एक छोटी भाषा बनवायची. संख्या, बेरीज, 'जर-तर', नावे आणि फंक्शने एवढीच तिची सामग्री. या भाषेतील वाक्य घेऊन त्याचे उत्तर देणारे फंक्शन, म्हणजे 'इंटरप्रिटर', लिहायचे. वाक्य हे झाडासारखे असते, त्याच्या फांद्या म्हणजे लहान वाक्ये, त्यामुळे उतरंडीवर शिकलेले रिकर्जन इथे जसेच्या तसे कामी येते. फंक्शनल भाषेत हा इंटरप्रिटर दोन-तीन पानांत मावतो. 'अण्णा' कोणते हे ठरवणारी त्यातली एक ओळ बदलली की संपूर्ण भाषेचा स्वभाव बदलतो. ज्याने ती ओळ स्वतः बदलून पाहिली त्याला पुढे कोणतीही नवी भाषा परकी वाटत नाही. ती फक्त त्याच प्रश्नांना कोणती उत्तरे देते, एवढेच पाहायचे असते. अमेरिकेतील एमआयटीच्या एबलसन आणि सस्मन यांचे १९८५ चे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक हेच करून दाखवते. ते इंटरनेटवर मोफत आहे.

दुसरी कल्पना 'टाइप'ची. चाळीस गुंठ्यांचा एक एकर आणि शंभर आरचा एक हेक्टर हे ज्याला माहीत आहे तो एकरातला आकडा हेक्टरच्या रकान्यात लिहिणार नाही. संगणकाला मात्र दोन्ही नुसत्या संख्या. १९९९ मध्ये नासाचे मंगळावर पाठवलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' यान गमावले गेले, ते एका बाजूने ब्रिटिश एकके आणि दुसऱ्या बाजूने मेट्रिक एकके गृहीत धरल्यामुळे. रॉबिन मिल्नर यांच्या 'एमएल' भाषेपासून सुरू झालेल्या घराण्यात, ज्यात १९९० मध्ये आलेली 'हॅस्केल'ही येते, एकर आणि हेक्टर हे वेगळे प्रकार म्हणून सांगता येतात. त्यांची गफलत झाली तर प्रोग्रॅम चालण्याआधीच अडवला जातो. आणि प्रकार प्रत्येक ठिकाणी लिहावा लागत नाही, बहुतेक वेळा भाषा तो स्वतः ओळखते.

महाराष्ट्रात हे कुणी शिकवले आहे का?

होय, आणि बरेच आधी. पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात १९९० च्या दशकात फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी 'गोफर' ही भाषा घेतली गेली. मार्क जोन्स यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेली ही हॅस्केलची धाकटी बहीण. तिच्या नावाचा विस्तार 'समीकरणांनी तर्क करण्यास योग्य' असा होतो आणि ती त्या काळच्या साध्या पीसीवरही चालत असे. विभागातील रुस्तम मोदी यांनी शिकवण्याच्या सोयीसाठी तिच्या लेखनपद्धतीत बदल केले आणि त्या आवृत्तीला नाव मिळाले 'पुगोफर', म्हणजे पुण्याची गोफर. शिक्षणात 'सी' भाषेचा वापर कितपत योग्य, यावर मोदी यांनी १९९१ मध्येच अमेरिकी संगणक संघटनेच्या शिक्षणविषयक पत्रिकेत टीकात्मक लेख लिहिला होता. त्या वेळी 'सी' येणे म्हणजेच कॉम्प्युटर येणे असा समज इथे घट्ट होत होता, हे लक्षात घेतले तर त्या लेखाचे वजन कळते. आयआयटी मुंबईतही प्रोग्रॅमिंगच्या विविध शैली शिकवणाऱ्या विषयात स्कीम घराण्यातील भाषा वापरली गेली आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये तर पदवीच्या पहिल्या वर्षालाच हॅस्केल शिकवतात.

उलट दिशेचेही दाखले आहेत. एमआयटीने स्कीमवर आधारलेला आपला प्रसिद्ध प्राथमिक अभ्यासक्रम २००० च्या दशकाच्या अखेरीस बंद केला आणि पायथन स्वीकारली. टेक्सास विद्यापीठात हॅस्केलच्या जागी जावा आणण्याचे घाटत होते तेव्हा, २००१ मध्ये, एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी विद्यापीठाला पत्र लिहून विरोध केला. शाळेतून थोडेफार प्रोग्रॅमिंग शिकून आलेल्या मुलांना हॅस्केल पाहिल्यावर कळते की या विषयात आपण समजत होतो त्याहून बरेच काही आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पत्राचा उपयोग झाला नाही.

नोकरीसाठी उपयोग काय?

थेट उत्तर द्यायचे तर हॅस्केल येते म्हणून पुण्यात नोकरी मिळेल असे नाही. अशा जागा थोड्या असतात आणि त्याही बहुधा अनुभवींसाठी. हे आधीच सांगितलेले बरे.

मात्र फंक्शनल कल्पना बाजारातल्या भाषांमध्ये आधीच शिरल्या आहेत. 'सी++'मध्ये २०११ साली आणि 'जावा'मध्ये २०१४ साली 'लॅम्डा' आले, तेच चर्च यांचे लॅम्डा. पायथनमध्ये ते कितीतरी आधीपासून आहेत. जावास्क्रिप्टचे जनक ब्रेंडन आइक यांना नोकरीवर घेतले गेले ते ब्राउझरमध्ये स्कीम आणण्याच्या बोलीवर. गावोगावी पोहोचलेल्या व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर 'एरलँग' या फंक्शनल भाषेवर उभा राहिला. एरिक्सन कंपनीने ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी १९८० च्या दशकात तयार केली होती. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप घेतले तेव्हा त्याचे ४५ कोटी वापरकर्ते होते आणि अभियंते अवघे ३२.

आता एआयची साधने मागितला तो प्रोग्रॅम लिहून देतात. अर्धविराम कुठे हवा हे माहीत असण्याला त्यामुळे पूर्वीइतकी किंमत राहिलेली नाही. त्या साधनाने दिलेल्या चाळीस ओळींत 'बेरीज'चा डबा शून्यावर आणायचा राहिला आहे का, हे ओळखणारा माणूस मात्र लागतोच.

धाराशिवमध्ये राहून हे शिकता येईल का?

अडचणी आहेत. अनेक अभ्यासक्रमांत फंक्शनल प्रोग्रॅमिंग हे 'प्रोग्रॅमिंग लँग्वेज' विषयाच्या शेवटच्या युनिटमध्ये येते, आणि शेवटच्या युनिटचे परीक्षेच्या तोंडावर काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. लिस्पची वैशिष्ट्ये पाच गुणांसाठी पाठ केली जातात, पण एक ओळही चालवून पाहिली जात नाही. शिकवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्यांच्या काळी हा विषय मिळालेला नसतो. साहित्य जवळजवळ सगळे इंग्रजीत. 'सी' आधी शिकलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीला हे जास्त अवघड जाते, कारण हात सारखा डब्याकडे वळतो.

साधनांची अडचण मात्र फारशी नाही. 'रॅकेट' ही स्कीमची वारसदार भाषा मोफत आहे, खास शिकणाऱ्यांसाठी तिच्यात पायऱ्यापायऱ्यांच्या सोप्या आवृत्त्या आहेत आणि तिच्यासोबतचे पाठ्यपुस्तक इंटरनेटवर खुले आहे. एनपीटीईएलवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांची हॅस्केलवरील व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. आणि सर्वाधिक वापरली जाणारी फंक्शनल भाषा तर पतसंस्थेपासून आपले सरकार सेवा केंद्रापर्यंत सगळीकडे आधीच आहे. ती म्हणजे स्प्रेडशीट. एक्सेलच्या घरात लिहिलेले सूत्र दुसऱ्या घरातील आकडा बदलत नाही, फक्त वाचते. हॅस्केलच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक असलेल्या सायमन पेटन जोन्स यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये असताना एक्सेलला खऱ्या फंक्शनची जोड देण्यावर काम केले. २०२० च्या अखेरीस एक्सेलमध्ये 'लॅम्डा' जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ते गुगल शीट्समध्येही आले.

पहिला धडा म्हणून वरचेच पीकविम्याचे उदाहरण पुरेसे आहे. सात घरांत सात वर्षांचे उत्पादन, एका घरात जोखीमस्तर, एका घरात यंदाचे उत्पादन, एकात विमा संरक्षित रक्कम. सर्वोत्तम पाच, सरासरी, उंबरठा आणि भरपाई यांची चार सूत्रे चार घरांत. मग ६०० च्या जागी १००० टाकून पाहावे. उंबरठा ९१० च राहतो, कारण ते वर्ष तरीही सर्वोत्तम पाचांत येत नाही. १२०० टाकले की मात्र ११०० चे वर्ष बाहेर जाते, उंबरठा ९२४ होतो आणि भरपाई १५ हजारांवरून सुमारे १५ हजार ५३० रुपयांवर जाते.